ज्याचा नारळ त्याची गाडी

भागूबाईची आणि माझी ओळख भांडणातून झाली. तिच्याशी ओळख व्हायची दुसरी वाटच नव्हती. बहात्तरचा दुष्काळ तेव्हा नुकताच मागं पडला होता. मी औरंगाबादेत राहायचे आणि खुलताबादच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी शिकवायचे. त्या सकाळी माझी एसटी चुकली. शहागंजात काष्टा घातलेली एक उंच बाई सीताफळांच्या रिकाम्या डाल्या एका उघड्या, जुनाट जीपमध्ये फेकत होती. ही गाडी दौलताबादवरून घाट चढून खुलताबादला जाते, असं एका फळवाल्यानं सांगितलं. मी जवळ जाऊन विचारलं, "गाडी चालवणार कोण?"

तिनं मला खालून वर न्याहाळलं. "कामून? गाडीत बसायचंय का ड्रायव्हरसंगं लगीन लावायचंय?"

"लग्न झालंय माझं," मी म्हटलं. "जीव सलामत राहील का, एवढंच विचारते."

"मग बसा की गुमान. चालवणारी मीच हाय."

मी बसले. पडेगाव मागं पडलं. मिटमिट्याजवळ तिनं विचारलं, "नाव काय तुमचं?" मी म्हटलं, मुनिरा. "आन् शाळंत शिकवता काय?" मी म्हटलं, मराठी. ती एवढ्या मोठ्यानं हसली की रस्त्याकडेची शेळी बिचकली. "बरंय," ती म्हणाली, "म्हंजे तुम्हालाबी लोक इचारीत असतील, ह्यो धंदा तुमचा कसा म्हणून." विचारायचे. अगदी रोज विचारायचे. त्या दिवसापासून मी एसटीचा नाद सोडला आणि त्या जीपमधली पुढची सीट माझी झाली.

जीप मूळची मिलिटरीची. पोलिस ॲक्शन झालं, निजामाचं राज्य गेलं, आणि काही वर्षांनी छावणीत जुन्या जीपांचा लिलाव निघाला. भागूबाईचा नवरा पुंजाराम तेव्हा एका कंत्राटदाराकडं ड्रायव्हर होता. घरच्यांच्या नाकावर टिच्चून त्यानं त्यातली एक घेतली. तिला दारं नव्हती, छत ताडपत्रीचं होतं, पण चारही चाकं ओढायची. दौलताबादच्या ज्या डोंगरउतारावर सीताफळीची झाडं आहेत तिथं रस्ता नाही, नुसते दगड, ओघळी आणि पावसानंतरचा चिखल. बैलगाडी जिथं हात टेकायची तिथून ही जीप भरल्या डाल्या घेऊन खाली यायची. पुंजारामानं बायकोला गाडी शिकवली तीही नांगरलेल्या वावरात. रस्त्यावर काय कुणीही चालवतं, असं त्याचं म्हणणं होतं.

मग पुंजाराम काविळीनं गेला. दिवस झाल्यावर धाकटा दीर सांडू म्हणाला, "वैनी, गाडी आता आपल्या खळ्यात लावू." भागूबाई म्हणाली, "लावा कुठंबी. चालवणार मी." ती शहरात जाऊन लायसन काढून आली. रांगेतले बाप्ये हसले, तर तिनं त्यांना विचारलं, दात दुखतात का. सांडूला गाडी चालवता येत नव्हती, त्यामुळं त्याचा इलाज खुंटला. पण एक हक्क मात्र त्यानं सोडला नाही. तो खंडेनवमीचा.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी दौलताबादेत, म्हणजे तिच्या गावात, नांगर, विळे, खुरपी, शिवणयंत्रं, जे जे पोटाला घालतं त्याची पूजा होते. शहरात जीप दुरुस्त करणाऱ्या गयास मिस्त्रीच्या गॅरेजातही त्या दिवशी पाने, हातोडे धुऊन पुसून मांडलेले असायचे, गिऱ्हाइकांच्या मानासाठी. आणि भागूबाईच्या गल्लीत तर न लिहिलेला कायदाच होता, ज्याचा नारळ त्याची गाडी. पूजा करून जो नारळ फोडेल तो मालक. दरवर्षी सांडू धुतलेलं धोतर नेसून यायचा, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढायचा, नारळ फोडायचा, आणि वर्षभर जीप चालवणारी बाई उंबऱ्यात उभी राहून बघायची. विधवेनं त्या ताटाला हात लावायचा नाही. हे ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. पण दुसऱ्याच्या घराला नावं ठेवून काय उपयोग? आमच्या गल्लीत माझ्या सासूबाई रईसाबी हळदीच्या कार्यक्रमात बेवा बाईला जवळ फिरकू देत नसत. घरोघरी मातीच्याच चुली.

त्या वर्षी पाऊस चांगला झाला होता आणि सीताफळीला बहर होता. नवरात्रात भागूबाईनं गुलमंडीवरून हिरव्या ऑइलपेंटचा डबा आणला आणि जीप रंगवायला काढली. नुसती बाहेरून नव्हे. बॉनेट उघडलं, इंजिन रॉकेलनं धुतलं, पट्ट्या सोडवल्या, नट काढले आणि गंज लागू नये म्हणून त्यांच्या खालीही दोन-दोन हात रंग दिला. पुंजाराम गेल्यापासून कुणी तिच्या अंगाला हात लावला नव्हता म्हणाली, म्हणजे जीपच्या. पोपटासारखी हिरवीगार जीप बघून मी विचारलं, इंजिनाला रंग कशाला, ते कोण बघतंय? "मी बघते ना," ती म्हणाली.

नवमीच्या सकाळी तिला कळलं की सांडूनं लासूर स्टेशनचा एक ड्रायव्हर ठरवून ठेवला आहे. यंदा नारळ फोडला की गाडी तिकडं जाणार, मोंढ्यातलं धान्य वाहायला, आणि वैनीनं घरी बसायचं. पुढचं मी डोळ्यांनी पाहिलं नाही, शाळेला सुट्टी होती. पण भागूबाईनं ते इतक्यांदा ऐकवलं की मला पाहिल्यासारखंच वाटतं. सांडू अंघोळीला बसला होता. तिनं ताट घेतलं, बॉनेटवर स्वतःच्या हातानं स्वस्तिक काढलं, आणि नारळ असा आपटला की त्याचं अर्ध भकल सांडूच्या ओल्या पायाशी जाऊन पडलं. "घ्या भावजी, परसाद," ती म्हणाली.

झालं. गावाला वळायला चांगलं चऱ्हाट मिळालं.

आता नशीब बघा कसं असतं. दसऱ्यानंतर थोडेच दिवस गेले आणि जीप बिघडली. त्या जीपचं सेल्फचं बटण ड्रायव्हरच्या पायाशी असतं. ते दाबलं की पूर्वी इंजिन लगेच धडधडायचं. आता एकदाच कण्हायचं आणि गप्प व्हायचं. बरोबर कसलासा जळका वास. उतारावर लावून ढकललं की मात्र चालू व्हायची आणि मग दिवसभर नीट चालायची, फक्त बंद करायची सोय नव्हती. हँडल मारावं तर त्याची खाच केव्हाच झिजून गेली होती, नुसतं गरगर फिरायचं.

गयास मिस्त्रीला दाखवलं. हा मनुष्य तोंडाचा मोठा, पण हाताचाही तसाच. त्यानं बॅटरी चार्ज केली, सेल्फ मोटर उघडून कार्बन बदलले, सगळ्या वायरी तपासल्या, त्या धडधाकट होत्या. गॅरेजात एक-दोनदा चालू झाली. गावात पोचली की पुन्हा तेच. गयासनं आरशाला ताईत बांधला, भागूबाईच्या एका जावेनं त्याच्या शेजारी लिंबू-मिरची लटकवली. दोघांच्या मधून मला रस्ता दिसेना.

आणि सांडू पारावर बसून बोलू लागला. पांढऱ्या कपाळाच्या बाईनं पूजा केली, गाडीला दोष लागला. जळका वास येतो तो उगाच नाही. ह्या बोलण्याला हात-पाय फुटले. आधी फळवाले कुरकुरले, मग बसणारे कमी झाले. जे बसायचे ते उतरल्यावर कपडे झटकायचे.

मग तो शनिवार आला. मी नेहमीसारखी पुढच्या सीटवर होते. दौलताबादेत किल्ल्याखालच्या सपाट रस्त्यावर एक म्हैस आडवी आली, भागूबाईनं ब्रेक दाबला आणि इंजिन बंद पडलं. तिनं पायानं बटण दाबलं. इंजिन कण्हलं, वास आला, शांत. मागं पाच-सहा माणसं होती आणि साळूबाई होती, जांबांची, म्हणजे पेरूंची, पाटी घेऊन वर खुलताबादला विकायला निघालेली. "उतरा, जरा धक्का द्या," भागूबाई म्हणाली. सगळे उतरले. धक्का कुणीच दिला नाही. हात मागं बांधून उभे राहिले. एक जण म्हणाला, "नगं बाबा, आमची लेकरंबाळं हायेत." साळूबाई स्वतः विधवा, पण तीही पाटी उचलून चार पावलं लांब जाऊन उभी राहिली.

मला एवढा राग आला की डोळ्यांत पाणी आलं. मी पर्स सीटवर टाकली, पदर खोचला आणि एकटीच मागून जीप ढकलू लागले. ती तसूभरही हलली नाही. माझी चप्पल तुटली, बघणारे हसले. "बाई, ऱ्हाऊ द्या," भागूबाई पुढून ओरडली. "ह्यांच्या हाताला मेंदी लागलीय."

तेवढ्यात सांडू बैलजोडी घेऊन आला. जणू टपूनच बसला होता. त्यानं पुढच्या बंपरला दोर बांधला आणि म्हणाला, "वैनी, उतरा. गाडी आता खळ्यात जाईल. लई तमाशा झाला."

"गाडी न्या," भागूबाई म्हणाली, "पर उतरायची नाय मी. स्टेरिंग मपल्या हातात ऱ्हाईल."

"लोक हसतील."

"हसू द्या. हसण्यानं गाडी चालत असंल तर लई बरं."

आणि मग दौलताबादनं जे पाहिलं ते पुन्हा कधी पाहिलं नसेल. पुढं बैलजोडी, मागं हिरवीगार जीप, जीपमध्ये ताठ बसलेली भागूबाई, आणि तिनं हॉर्नवर ठेवलेला हात. तो हात तिनं काढलाच नाही. बैल बुजत होते, सांडू शिव्या देत होता, पोरंटोरं मागं धावत होती आणि हॉर्न गावभर बोंबलत होता. मी तुटकी चप्पल हातात घेऊन शेजारी बसले होते. शाळा बुडाली होती आणि मला त्याचं काही वाटत नव्हतं.

खळ्यात पोचल्यावर सांडूनं जमलेल्यांना साक्षी ठेवून हात पुढं केला. "चावी द्या."

"कामून?"

"बरं. परवाच्या बाजारापर्यंत ही गाडी आपल्या पायानं खळ्याबाहेर निघाली, तर मी पुन्हा चावीचं नाव घेणार नाय. न्हाई निघाली, तर चावी मपली आन् गाडी लासूरला."

"ऐकलं का सगळ्यांनी?" भागूबाई म्हणाली. "मंग फिरू नका."

लोक पांगले. ती मला म्हणाली, "बाई, ही गेली तर मी काय हाय? त्यांच्या चुलीपाशी भाकरी थापणारी एक बाई, दुसरं काय." मी म्हटलं, उद्या रविवार आहे, गयास मिस्त्रीला घेऊन येते. एसटीत बसल्यावर माझ्या लक्षात आलं की कानात अजून तो हॉर्न वाजतो आहे.

सकाळी गयास मिस्त्री माझ्याबरोबर आला तो कुरकुरतच. "आपा, बॅटरीच कमजोर है उसकी. मैं लिखके देता."

भागूबाई खळ्यातच होती, जीपमध्ये. तिनं त्याचं बोलणं अर्ध्यात तोडलं. "काल गावभर हॉर्न वाजवला मी, मिस्त्री. मेलेलं माणूस एवढं बोंबलतं का?"

गयास थांबला. त्यानं डोकं खाजवलं. मग तो जीपच्या पुढं जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "बत्ती लगाव." दिवे लागले, चांगले लखलखीत. "अब सेल्फ मारो." तिनं बटण दाबलं. इंजिन कण्हलं, पण दिवे जेमतेम थरथरले. बॅटरी कमजोर असती तर सेल्फनं ओढ घेताच दिवे मलूल झाले असते, एवढं मलाही त्यानं तिथंच समजावलं. "मतलब बॅटरी जिंदा. सेल्फ तो मैंने खुद खोला था, वो बी जिंदा. फिर मरा कौन?"

"पुन्यांदा दाबते," भागूबाई म्हणाली. गार इंजिन चालू करताना चोक ओढून धरायची तिची सवय होती. एका हातानं चोक, पाय बटणावर. ह्या वेळी रागारागानं तिनं पाय काढलाच नाही. एकदम ती "आई गं" म्हणून ओरडली आणि हात झटकला. चोकच्या मुठीचं प्लास्टिक मऊ पडलं होतं आणि तिच्या दोन बोटांना चटका बसला होता. चोकच्या तारेतून धूर येत होता. तोच तो जळका वास.

गयास धावत आला. "चोक तो खाली तार है, कार्बोरेटर खींचने की. उसमें करंट का क्या काम?" म्हणूनच त्यानं ती कधी तपासली नव्हती. कोण तपासेल?

भागूबाई बोटं तोंडाशी धरून फुंकत होती. फुंकता फुंकता थांबली. "मिस्त्री," ती म्हणाली, "पाट बुजला म्हंजे पाणी काय करतं?"

"क्या करता?"

"उंदराच्या बिळातून निघतं. करंटला परतायची वाट कुठंतरी बुजलीय. म्हणून ह्यो ह्या तारंतून चाललाय."

गयासनं तिच्याकडं पाहिलं आणि तो जीपखाली सरपटत गेला. बॅटरीतला करंट जाड वायरनं सेल्फपर्यंत जातो, पण परतायला त्याला वायर नसते. तो इंजिनाच्या आणि चेसिसच्या लोखंडातून परत येतो. इंजिन रबरावर बसलेलं असतं, म्हणून इंजिन आणि चेसिस जोडायला एक विणलेली तांब्याची पट्टी लावतात. तीच त्याची परतीची वाट. खालून गयासचा आवाज आला, आणि तो आवाज नेहमीसारखा मोठा नव्हता. "भागूबाई, पट्टी तो है. मगर दोनों तरफ नीचे रंग है. हरा. मोटा रंग."

रंग कुणी दिला होता हे तिघांनाही माहीत होतं. बाहेरून पट्टी घट्ट दिसत होती, पण रंगावर आवळलेली होती, लोखंडाला टेकतच नव्हती. सुरुवातीला बोल्टाच्या आट्यांतून थोडंफार भागलं असणार, मग खडखडाटानं तेही सुटलं.

भागूबाई जीपमधून उतरली आणि खाली मातीत बसली. मी तिला तशी बसलेली कधी पाहिली नव्हती. "मपल्याच हातानं," ती म्हणाली. "लई जीव लावून रंगवली व्हती हो बाई."

गयास बाहेर आला, कपडे झटकत. तो मनानं चांगला. खाली वाकून हळू म्हणाला, "सुनो, किसी को बोलना नक्को. चूहे ने पट्टी कुतर दी बोलेंगे. मैं गवाही देता. क्या जाता अपना?"

मला ते पटलं. मीही म्हटलं, "उंदीर तर उंदीर, भागूबाई. सांडूला आयतं कोलीत कशाला द्यायचं? तो म्हणत होता तुमचा हात लागला म्हणून बिघडली. आता तर खरंच तसं निघालं."

तिनं बोटांवरच्या फोडांवर एकदा फुंकर मारली. मग उठली आणि लुगड्याची माती झटकली. "नवऱ्याच्या नावानं चालवली," ती म्हणाली. "दिराच्या नारळानं चालवली. आता उंदराच्या नावानं चालवू का? नाय. बलवा सगळ्यांना."

गयास म्हणाला, आधी दुरुस्त तर करू. तिनं त्यालाही थांबवलं. "लोक आल्याबिगर हात लावायचा नाय."

बोलवावं लागलंच नाही फारसं. रविवारचं गाव, रिकामं. सांडू आला, पारावरचे आले, काल हात बांधून उभे होते ते आले, साळूबाई पाटीसकट आली. भागूबाईनं गयासला पट्टी सोडवायला लावली आणि ती सगळ्यांसमोर धरली. पट्टीच्या टोकांखाली हिरवा रंग, खाली चेसिसवर हिरवा रंग, इंजिनावर हिरवा रंग.

"हितून करंट जायचा," ती म्हणाली. "ती वाट रंगानं बुजली. म्हणून गाडी बंद. वास येत व्हता त्यो ह्या चोकच्या तारंचा, भुताचा नाय. रंग कुणी दिला? म्या दिला."

सांडूनं टाळीच वाजवली. "ऐकलं का? सोताच्या तोंडानं! मी काय सांगत व्हतो? हिचा हात लागला म्हणूनच बिघडली!"

"व्हय," भागूबाई म्हणाली. "मपला हात लागला म्हणूनच बिघडली. पर हातानं बिघडली, भावजी, कपाळानं नाय. तुम्ही हितं रंग दिला असता तरी अशीच बंद पडली असती. कुकू लावल्याल्या सवाशिणीनं दिला असता तरीबी. रंगाला काय कळतंय कुणाचा नवरा हाय आन् कुणाचा नाय? आन् हातानं बिघडल्यालं हातानं नीट करता येतं. बघा."

तिनं कमरेचं खुरपं काढलं, तेच नवमीला पूजलेलं, आणि जीपखाली आडवी होऊन चेसिसवरचा रंग खरवडू लागली. भाजलेल्या बोटांनी. गयास मदतीला वाकला तर तिनं त्याला कोपरानं बाजूला सारलं. हिरव्या कपच्या मातीत पडत होत्या. लोखंड उघडं पडून चमकू लागलं, तसंच इंजिनावरचं, तसंच पट्टीचं. मग मात्र तिनं गयासला बोल्ट आवळू दिले. ती उठून जीपमध्ये बसली. चोकला फडकं गुंडाळून तो ओढला आणि पायानं बटण दाबलं.

इंजिन पहिल्याच दमात धडधडलं. सांडूचे बैल दावं तोडायला लागले.

मी रडले, हे लपवत नाही. गयास मात्र लगेच मूळपदावर आला आणि बाजूच्या माणसाला मोठ्यानं सांगू लागला, अर्थिंगका मामला था, मेरेको पहलेच शक था. भागूबाईनं गाडी गिअरमध्ये टाकली. सांडू खळ्याच्या तोंडाशी उभा होता. तिनं हॉर्न दिला नाही, नुसती त्याच्याकडं बघत राहिली. जमलेल्यांतलं कुणीतरी म्हणालं, "सांडू, शब्द दिलाय तू." तो बाजूला झाला.

आणि तेवढ्यात साळूबाई पुढं आली. तिनं जांबांची पाटी मागच्या सीटवर आदळली आणि चढून बसली. म्हणाली, "मला वर सोड, भागू. माल नासायला लागलाय." भागूबाईनं मागं वळून पाहिलं आणि म्हणाली, "घट धर. आज नीट चालवायची नाय मी."

दौलताबादहून वर चढताना किल्ल्याच्या जुन्या तटातला दिल्ली दरवाजा लागतो. तिथून एका वेळी एकच गाडी जाते. भागूबाईनं जीप बरोबर त्या दरवाजात नेली आणि इंजिन बंद केलं. मुद्दाम. मागं एसटी येऊन थांबली, समोरून एक ट्रक. दोघंही हॉर्न वाजवू लागले. एसटीचा ड्रायव्हर मान बाहेर काढून ओरडला, "ओ बाई, बंद पडली का पुन्हा?"

"नाय," भागूबाई म्हणाली. "मीच बंद केलीय." तिनं पाय उचलला, जरा वेळ हवेतच धरला, हॉर्न ऐकून घेतले, मग बटण दाबलं. इंजिनाचा आवाज दगडी कमानीत घुमला आणि आम्ही वर निघालो. साळूबाई मागून जांब खायला देत होती.

पुढच्या खंडेनवमीला भागूबाईनं मला मुद्दाम बोलावून घेतलं. सांडू आला नाही, पण त्याची बायको ताट घेऊन आली आणि शेवटपर्यंत थांबली. जीप पुन्हा रंगवलेली होती, ह्या वेळी निळी. भागूबाईनं स्वस्तिक काढलं, नारळ फोडला आणि मग कुंकवाचं बोट घेऊन बॉनेट उघडलं. बॅटरीला लावलं, सेल्फला लावलं, चोकच्या नव्या मुठीला लावलं. इंजिनाच्या अंगाला, पट्टी बसते तिथं, तळहाताएवढा तुकडा तिनं रंगवलाच नव्हता. नुसतं घासून पुसून चकचकीत ठेवलेलं कोरं लोखंड.

मी विचारलं, "इथं नाही लावत कुंकू?"

"हितं काय लावायचं नाय," ती म्हणाली. "तिचं एवढं कपाळ मपल्यासारखं उघडंच ऱ्हाऊ द्या. सगळा करंट हितूनच जातो."

मग तिनं बॉनेट खाली आपटलं, हात काष्ट्याला पुसले आणि म्हणाली, "बसा बाई. एसटीच्या आधी वर पोचायचंय."